किन्नोरचा शेवटचा रविवार

दुधावरचं झाकण खडखडलं.

महिनाभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, त्यामुळे तेवढासा आवाजही भांडं कोसळल्यासारखा वाटला. पप्पा गॅसपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून रविवारच्या गाण्यांची यादी करत होते. त्यांनी मान वर केली नाही. झाकण नाचायला लागलं, कडेनं फेस डोकावला, तरी पेन्सिल चालूच. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. मला उठता आलं असतं. मी उठले नाही. दूध उतू जाऊन बर्नरवर चरचरलं, करपट वास सुटला, तेव्हा ते दचकून उभे राहिले.

"अगं मिलू, दूध!"

"दिसतंय मला," मी म्हटलं. पण पाठ फिरवून म्हटलं.

पाठ फिरवून बोलणं हे त्या महिन्यात माझं हत्यार होतं. कारण पप्पांना ऐकू येत नव्हतं, आणि ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेत होते, हे साऱ्या जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक मी. दुसरी माझी आई, आणि ती जाऊन पाच आठवडे होत आले होते.

माझे पप्पा, निस्सीम वाकरूळकर, रेडिओवर होते. दर रविवारी सकाळी साडेआठ वाजता, आमच्या गावापासून बसनं पाऊण तासावर असलेल्या केंद्रावरून, 'किन्नोर' नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. किन्नोर म्हणजे दाविद राजाची वीणा. आम्हा बेने इस्राएली, म्हणजे इथल्या यहुदी लोकांची गाणी त्यात लागत. हिब्रू प्रार्थना, मराठी कीर्तनं, लग्नातल्या हळदीची गाणी, कोचीनकडून कुणी पाठवलेली एखादी जुनी चाल. गावात आमची उणीपुरी अकरा घरं राहिली होती, पण किन्नोर ऐकायचा सगळा गाव. शेजारचे म्हात्रे काका तर म्हणायचे, "निस्सीमशेठ, तुमचा देव काय बोलतो ते कळत नाही, पण गळा झकास आहे त्याचा." सत्तावीस वर्षांत पप्पांचा एक रविवार चुकला नव्हता.

कान गेले ते शेवटच्या पाच वर्षांत. आधी उजवा, मग डावा. यंत्र लावायला ते तयार नव्हते. "कानात खुंटी घातलेला माणूस लोकांना गाणी ऐकवणार?" म्हणून मग आईनं मला त्यांच्याबरोबर पाठवायला सुरुवात केली. कार्यक्रम थेट जायचा, कॅसेटीही पप्पाच टेबलावरून लावायचे. मी त्यांच्या शेजारी बसायचे, टेबलाखाली माझा हात त्यांच्या मनगटावर. शेवटचं कडवं सुरू झालं की एकदा दाबायचं, गाणं संपलं की दोनदा. केंद्रावर सगळ्यांना वाटायचं, किती मायेची पोर आहे, बापाचा हात सोडत नाही.

आई गेली तीही रविवारीच. त्या सकाळी तिनं माझा पदर धरला होता. "आज नको गं जाऊस. जीव घाबरा होतोय." पप्पा दारात उभे. त्यांनी तिचे ओठ वाचले, मला दिसलं. म्हणाले, "अर्ध्या तासाचं तर काम आहे, सिपोरा. रेमाला बोलावलंय सोबतीला." आम्ही गेलो. नऊ वाजता कार्यक्रम संपला आणि सव्वानऊला केंद्रावर फोन आला. रेमा आत्या, म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, नंतर सांगत होती, उशाशी रेडिओ चालू होता, तुझ्या बापाचा आवाज ऐकत ऐकत गेली, भाग्याची. भाग्याची! मी तेव्हा टेबलाखाली एका धडधाकट माणसाचं मनगट धरून बसले होते.

तर त्या शुक्रवारी, दूध उतू गेल्यावर, पप्पांनी गॅस पुसला आणि यादी माझ्यापुढे धरली.

"रविवारी साडेसातची बस," ते म्हणाले. "कॅसेटी तेवढ्या आज लावून ठेव."

या वेळी मी वळले. हे त्यांना नीट कळावं अशी माझी इच्छा होती.

"मी येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येणार नाही. तुमचे तीस दिवस सोमवारी संपले. माझं वर्ष आहे."

आमच्यात तसंच आहे. बायको गेली तर नवऱ्याचं सुतक तीस दिवसांचं. आई किंवा बाप गेला तर मुलांचं वर्षभराचं, आणि त्या वर्षात गाणंबजावणं कानावर घ्यायचं नाही. हा भेद कुणी आणि का ठरवला मला ठाऊक नाही, पण त्या महिन्यात तो मला फार आवडायला लागला होता. एकाच माणसाचं दुःख, पण त्यांच्यापेक्षा माझं बारा पटीनं मोठं, असं शास्त्रच सांगत होतं.

"ते गाणं ऐकणं थोडंच आहे?" पप्पा म्हणाले. "ते काम आहे."

"तुमचं."

"मिलू, हज्जानांना विचार एकदा."

हज्जान म्हणजे मशिदीत प्रार्थना म्हणणारे, आमचे बेन्यामिन काका. सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणतात.

"विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाले."

पप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. अजून काहीतरी बाहेर पडेल अशी वाट बघत असावेत. मग त्यांनी यादीची घडी केली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "हज्जानांचा शब्द."

दुपारी रेमा आत्या आली. तिला कानांचं ठाऊक नव्हतं. तिला फक्त एवढंच कळलं की मिल्का बापाबरोबर जात नाही.

"बरं करतेस गो," ती स्वयंपाकघरात पाट ओढून बसली. "मी तर म्हणते त्यानंही जाऊ नये. लोक काय बोलतात ते ऐकलंस? बायकोच्या कबरीची माती ओली आहे आणि हा गाणी लावायला निघाला."

"सांग ना त्यांना."

"सांगितलं. हसला नुसता. मी एक बोलतेय, तो भलत्याच गोष्टीला मान डोलावतोय. पहिल्यापासून असाच. आपल्याला पाहिजे तेवढंच ऐकायचं."

 मला आतून बरं वाटलं. इतकं बरं, की आत्याला दुसरा चहा केला.

कॅसेटी त्यांनी स्वतःच लावल्या. एरवी ते काम माझं. गाणी बहुतेक घरगुती असत, कुणाच्या लग्नात, कुणाच्या ओटीवर भरलेली, एकीवर पाच माणसांचे आवाज. ऐकून ऐकून नेमक्या जागी टेप आणून ठेवावी लागे. खोक्यांवर पप्पांनी पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते. कुठली बाजू ते लिहिलेलं नव्हतं, कारण ते मला पाठ होतं. शुक्रवारी ऊन कलेपर्यंत ते ओटीवर टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते. पट्टी फिरताना दिसते का बघत होते, एक हात स्पीकरच्या जाळीवर. कंप तेवढा कळायचा त्यांना. मी आत बसून सगळं बघत होते. मग शब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागला आणि त्यांनी सगळं पिशवीत भरून ठेवलं.

रविवारी सात वाजता ते कपडे करून तयार. आईनं घेतलेला फिकट निळा सदरा. पिशवी खांद्याला. दारात घुटमळले.

"मिलू, एक करतेस? काचेपलीकडे बस. बाहेरच्या खोलीत. तिथं गाणं ऐकू येत नाही. नुसती बोटानं खूण कर मला."

"मलाच ऐकू आलं नाही तर खूण कसली करू?"

त्यांनी पिशवीचा पट्टा सारखा केला.

"का दोघंही बहिरे होऊन बसू या?"

तो शब्द आमच्या घरात पाच वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. आईनंही नाही. मी तो तोंड समोर करून, अगदी सावकाश, एकेक अक्षर दिसेल असा उच्चारला.

पप्पांनी चपला घातल्या. "आईसारखी बोलत नाहीस तू," एवढंच म्हणाले, आणि गेले.

साडेआठला मी खिडक्या लावल्या. पण किन्नोरपासून गावात सुटका नव्हती. म्हात्र्यांकडे रेडिओ, पलीकडे सायकलवाल्याकडे रेडिओ, कोपऱ्यावरच्या हॉटेलात तर कर्णाच लावलेला. "शालोम मंडळी, निस्सीम वाकरूळकरचा नमस्कार." चार रविवार केंद्रानं नुसती बासरी वाजवली होती, आज त्यांचा आवाज आल्यावर कुणीतरी रस्त्यात "आले, आले" म्हणालंसुद्धा.

मी कानांवर हात ठेवले. खरं म्हणजे घट्ट ठेवले नव्हते. गाणं टाळायचं होतं, पण ते कुठं चुकतात तेही कळायला हवं होतं.

पहिल्याच गाण्यात चुकले. शेवटचं कडवं राहिलेलं असतानाच बोलायला लागले. घड्याळाकडे बघून अंदाज केला असणार. दुसऱ्याला गाणं संपून कितीतरी वेळ नुसती खरखर. मी मोजत होते. अकरा सेकंद. मला तेव्हा काय वाटलं ते मला स्पष्ट आठवतं. वाटलं, अजून. अजून थोडं.

मग ते म्हणाले, "गेल्या महिन्यात माझी पत्नी सिपोरा देवाघरी गेली. ती हा कार्यक्रम कधी चुकवत नसे. तिच्यासाठी आता तेहिल्लीम, म्हणजे दाविद राजाची स्तोत्रं, आपल्या मशिदीच्या शताब्दीला पुरुषमंडळींनी म्हटलेली. ती चालू असताना मी इथं उभा राहणार आहे. ऐकणाऱ्यांनीही उभं राहावं, अशी विनंती."

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. म्हात्रे काका अंगणात दात घासत होते. त्यांनी ब्रश खिशात ठेवला, चूळ भरली आणि हात जोडून उभे राहिले. काकू आतून पदर सारखा करत आल्या. सायकलवालाही उठला होता.

आणि रेडिओतून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. बांगड्या किणकिणल्या. दहा-बारा बायका एकदम हसल्या आणि त्यांच्यातून एक खणखणीत आवाज वर चढला:

"नवऱ्याचं नाक गं भोपळ्याएवढं, पेटीत मावेना, दारात मावेना..."

कॅसेटची दुसरी बाजू लागली होती. माझ्या मामेबहिणीच्या हळदीची. तो आवाज माझ्या आईचा होता.

आजारपणाच्या आधीचा, भरल्या गळ्याचा. दोन ओळी झाल्यावर ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "अगो, ढोलकी द्या ना इकडे कुणीतरी, हिला कुठं येतेय!" पुन्हा हसू. पुन्हा नाक. आता नाकावर तुळई टाकून पूल बांधला होता आणि त्यावरून वऱ्हाड चाललं होतं. म्हात्रे काका हात जोडून तसेच उभे, चेहरा असा की देवळात कुत्रं शिरलंय. काकूंनी आधी तोंडाला पदर लावला, मग त्यांचे खांदे हलायला लागले. हॉटेलातली माणसं उघड उघड हसत होती.

माझे हात कानांवरून केव्हा खाली आले, मला कळलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. वर्षभराचं व्रत घेतलेली मी, गाण्यातला शब्द न् शब्द पीत होते. पाच आठवडे मी आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी मला तो शेवटचा, दम लागलेलाच आठवायचा. हा मी विसरूनच गेले होते.

गाणं संपलं. पुढचं सुरू झालं, कुणा दुसरीचं. तेही अर्धवट तुटलं. मग पप्पांचा आवाज आला. भरून आलेला, अगदी शांत.

"तेहिल्लीमचे हे शब्द तिच्यापर्यंत पोचले असतील. बसा मंडळी."

सगळ्या गल्लीत एकच हशा झाला.

ते दुपारी दोनला आले. बसनं नाही, पायी. पिशवी खाली ठेवून ओटीवरच बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. मग स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. काचेपलीकडे यंत्रावर बसणारे गोडांबे हातवारे करत होते म्हणे, पण यांचे डोळे मिटलेले. कार्यक्रम संपल्यावर मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"मागं उभं राहून काय बोलले कोण जाणे," पप्पा म्हणाले. "नंतर पुढं येऊन म्हणाले, वाकरूळकर, मी तीन वेळा म्हटलं की इमारतीला आग लागलीय. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता."

मी उभीच होते.

"वाईट बोलले नाहीत. म्हणाले, सत्तावीस वर्षं खूप झाली." त्यांनी पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. "मंडळी हसली का गं फार?"

"हो."

"काय लागलं होतं?"

केंद्रावर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं की भलतंच लागलं, थट्टेचं. मी त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा सांगायला हवं होतं. आई होती पप्पा, आई गात होती. सहा शब्द. माझ्या तोंडातून निघालं, "कुठलंतरी हळदीचं."

संध्याकाळी बेन्यामिन हज्जान आले. मशिदीतली मंडळी खवळली होती. तेहिल्लीमच्या जागी नाकाचं गाणं, तेही मयताच्या नावानं! माफी मागायला हवी, असं ते सांगायला आले होते. पप्पा समोर बसून त्यांचे ओठ बघत सगळ्याला मान डोलवत होते. "मागतो," म्हणाले. "येत्या शब्बाथला सगळ्यांसमोर मागतो." हज्जानांनाच अवघडल्यासारखं झालं. चहा अर्धा टाकून ते उठले. पप्पा त्यांना सोडायला ओटीवर आले, मीही.

चपला घालायला हज्जान खाली वाकले आणि वाकल्या वाकल्या, मान खाली घालून म्हणाले, "मिल्का, तुला मी गुरुवारीच म्हटलं होतं ना गं पोरी, बापाच्या कामाला हात लावायला जाण्यात दोष नाही? आईबापाचा मान ही तर आज्ञाच आहे. तू गेली असतीस तर आज ही वेळ आली नसती त्याच्यावर."

ते सरळ झाले, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, त्या पवित्र लेखाच्या डबीला, बोटं लावून ओठांशी नेली आणि चालू पडले.

पप्पा माझ्याकडे वळले. "काय म्हणाले गं?"

मी तोंड अगदी त्यांच्यासमोर धरलं.

"म्हणाले, मशिदीतल्या दिव्याला तेल कमी पडतंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. रस्त्यावरून एक टांगा गेला, तो पार वळणाआड जाईपर्यंत.

"असं," ते म्हणाले. "मग उद्याच पाठवू."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच खोबरेल तेलाचा डबा विकत घेतला, स्वतः उचलून मशिदीत नेऊन दिला. हज्जानांनी काही विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. शब्बाथला पप्पांनी सगळ्यांसमोर माफीही मागितली. त्यानंतर ते दोन वर्षं जगले. त्या रविवारबद्दल एका शब्दानं मला बोलले नाहीत. मी तेव्हापासून त्यांच्याशी पाठ फिरवून कधी बोलले नाही, पण तोवर त्यांनी ओठांकडे बघणंच कमी केलं होतं. ते गेल्यावर मी त्यांचं वर्ष पाळलं. एका दिवसाचीही सूट घेतली नाही.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. गेल्या रविवारी मुलीची नखं कापत होते. ताल्या सहा वर्षांची आहे, नखं कापताना तिला गोष्ट लागते, नाहीतर बोटं आखडून घेते. मला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी संपल्या होत्या. ती म्हणाली, आजोबांची सांग, ते रेडिओत राहायचे ना? मी म्हटलं, राहायचे नाहीत गं, जायचे. आणि सुरुवात केली. दुधापासून. वाटलं होतं, नाकाच्या गाण्यापर्यंत सांगावं आणि थांबावं. ती नाकाच्या गाण्याला इतकी हसली की हातातून निसटून जमिनीवर लोळली. पण मी थांबले नाही. हज्जान आले, वाकले, बोलले, पप्पांनी विचारलं, मी सांगितलं, तेलाचा डबा गेला, सगळं सांगून टाकलं. एक हात झाला, दुसऱ्या हाताची तीन बोटं झाली.

 चौथं बोट तिनं आपणहून पुढं केलं. तिचा हात मऊ होता, गरम, नुकताच आमटीभात खाल्लेला.

"आई," ती म्हणाली, "पण आजोबांना खरंच ऐकू आलं नव्हतं?"